बालिष्टरची शिंगं

मुलीला शिकवण्यासाठी माझ्या वडिलांनी त्या काळात जे केलं ते करायला छाती लागते, असं माझ्या सत्काराच्या सभेत तीन वक्त्यांनी सांगितलं. आमच्या घराण्याला विद्येची जुनी ओढ होती, वडील काळाच्या पुढे पाहणारे होते, गावाचा रोष पत्करून त्यांनी लेकीला शहरात धाडलं, असा एकूण आशय. 'दूरदृष्टी' हा शब्द एकट्या तिसऱ्या वक्त्याने चार वेळा वापरला. मी मान खाली घालून ऐकत होते. तो विनय आहे असा श्रोत्यांचा समज झाला. छातीचं मला सांगता येणार नाही. शिंगं मात्र लागली होती. ती एका बैलाची होती, आणि त्या बैलाचं नाव बालिष्टर होतं.

आमचं गाव डोणगावच्या बाजारापासून बैलगाडीने दीड-दोन तासांवर, उतारावर वसलेलं. उताराच्या वरच्या अंगाला आबाकाकांचं घर, खालच्या अंगाला आमचं. आबाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. आजोबांच्या पिढीत घर फुटलं तेव्हा पाटीलक्याही वाटल्या गेल्या: पोलीस पाटीलकी त्यांच्याकडे, मुलकी पाटीलकी आमच्याकडे. म्हणजे चोर पकडायचा तो आबाकाकांनी आणि शेतसारा वसूल करायचा तो बाबांनी. गावात चोर फारसे नसल्यामुळे आबाकाकांना फावला वेळ भरपूर मिळे, ही आमच्या घरातली कायमची सल होती. गाव आम्हाला आडनावाने ओळखत नसे, 'वरचे' आणि 'खालचे' एवढंच म्हणे. वरच्यांच्या मोरीचं पाणी उताराने येऊन आमच्या दारापुढून वाहायचं. त्यांच्याकडे कोण कधी न्हालं, धुणं किती पडलं, हे आम्हाला पाण्याच्या रंगावरून कळायचं. माझी आत्या लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. ती सकाळी दारात उभी राहून ते पाणी वाचत असे. "आज हळद लय हाये पान्यात. पाव्हणे आले वाटते," असं ती म्हणाली की दुपारपर्यंत पाहुण्यांची बातमी यायचीच. वरचढ या शब्दाचा मला कळलेला हा पहिला अर्थ: ज्याचं पाणी दुसऱ्याच्या दारावरून जातं तो.

पुढे उतारवयात एका शब्दकोशाच्या कामात माझा हात लागला, तेव्हा 'व'चं खोकं माझ्या वाट्याला आलं. वरचढ, वरचष्मा, वर्चस्व, वरताण अशी कार्डं ओळीने बाहेर येऊ लागली आणि मला आमची ओसरी आठवली. एवढ्या शब्दांची गरज एखाद्या समाजाला का पडते, असं एका तरुण सहकाऱ्याने विचारलं होतं. तो बहुधा एकुलता एक असावा. आमच्या एका घरात त्याहून जास्त शब्द रोज वापरात होते, आणि प्रत्येकाचे वेगळे. बाबांचे शब्द तालमीतून आणि कचेरीतून आलेले: कुरघोडी, सरशी, चितपट, पारडं जड. आमचा सालदार गोमाजी वखराच्या भाषेत बोलायचा, "मालक, आज आपला खांदा पुढं." आत्या बायकांच्या जगातलं बोलायची: अमकीचं घरात चालते, तमकीचा शब्द खाली पडत नाही, वरच्या घरच्या काकूचं नाक हप्ताभरापासून वर हाये. माझी माय तेवढी या बाबतीत गरीब. वरच्यांनी काहीही मिळवल्याची बातमी आली की ती भाकर थापता थापता "असन बाप्पा" म्हणायची आणि पुढची भाकर तव्यावर टाकायची. कोशात 'वरचष्मा'च्या कार्डावर मी 'दुसऱ्यावर चालणारा अधिकार, पगडा' असं लिहिलं. संपादकांनी वापराचं उदाहरण मागितलं. मोरीचं लिहायचं मनात आलं होतं, पण कोशाला शोभेल असं एक गुळगुळीत वाक्य करून दिलं.

शाळेच्या भिंतीवर मध्यप्रांत-वऱ्हाडचा नकाशा होता. गुरुजी त्यावर छडी टेकवून सांगत की वऱ्हाड हक्काने हैदराबादच्या निजामाचं आणि कारभाराने इंग्रजांचं. बाकीच्या गावांतल्या मुलांना हे समजायला अवघड जात असेल. आम्हाला मुळीच गेलं नाही. एका मालकीचे दोन मालक, आणि दोघांनाही आपण वर आहोत असं वाटतं, हे आम्ही दर पोळ्याला पाहत होतो.

पोळ्याला गावाबाहेरच्या दोन कडुनिंबांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. त्याखालून पहिली मानाची जोडी जायची, तोरण तुटायचं, आणि मगच बाकी गावाचे बैल सुटायचे. मानाची जोडी कोणाची, यावरून आजोबांच्या काळात डोकी फुटली आणि प्रकरण कोर्टात गेलं. काही वर्षांनी निकाल आला की दोन्ही घरच्या जोड्या एकाच वेळी तोरणाखालून जाव्यात. निकाल देणारा गृहस्थ न्यायी होता, पण त्याने बैल पाहिलेले नसावेत. चार बैल एका रेषेत चालवणं हे चार वकील एका मतावर आणण्याइतकंच सोपं. त्यामुळे 'एकाच वेळी' म्हणजे काय, याच्यावर गावाने पुढची वीस-पंचवीस वर्षं घालवली. शेवटी गुरुजींनी एक नियम कागदावर लिहून दिला: तोरण खाली लोंबतं ठेवावं, आणि ज्या जोडीच्या शिंगाने तोरणाचं पान प्रथम हलेल तिला त्या सालापुरता पहिला मान द्यावा. कोर्टाचाही मान राहिला आणि भांडणाचाही. कागद घडी करून मारुतीच्या देवळात शेंदराच्या डबीखाली ठेवला. पंच दोन: एका झाडाखाली गुरुजी, दुसऱ्या झाडाखाली कासमभाई नालबंद. बैलांना नाल ठोकणारा माणूस दोन्ही घरांना सारखाच लागे, म्हणून तो निःपक्षपाती.

तेव्हापासून आमच्याकडे मोठेपणा बोटांनी मोजला जाऊ लागला. औंदा वरचे दोन बोटं पुढं, मागल्या साली आपण चार बोटं. आणि तेव्हापासून दोन्ही घरांनी बैल घेताना खांदा, छाती, पाय पाहणं सोडून दिलं. बैल घ्यायचा तो शिंगाचा. बालिष्टर असाच आला. त्याची शिंगं आधी बाहेर आणि मग सरळ पुढे गेलेली, कुणावर तरी आरोप करत असल्यासारखी. नाव बाबांनीच ठेवलं. दिसायला रुबाब, खायला भरपूर आणि काम पुढच्या तारखेला, एवढं पाहून ठेवलं असणार. त्याचा जोडीदार मुन्शी, बारीक शिंगांचा, खाली मान घालून दोघांचं काम करणारा. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण काढायचे डवरे सुरू झाले की गोमाजी रोज संध्याकाळी गाऱ्हाणं घेऊन यायचा.

"मालक, ह्यो बालिष्टर तासाच्या वळीत सरळ चालतच नाही. आजूबाजूची झाडंच पाह्यते. आन् शिंगाले हात लावला त अंगावर येते."

"त्याले कामासाठी घेतला नाही बे आपण," बाबा सांगायचे.

"मंग कायसाठी घेतला?"

"पोळ्यासाठी."

"सालभर खाऊन एका दिवसासाठी?"

"तू बी तर बारा महिने जेवतोस. कोन्या दिवसासाठी, ते सांग."

गोमाजी हसायचा आणि मुन्शीच्या पाठीवर हात फिरवत निघून जायचा. त्या वर्षी आमच्या रानात तण कंबरेला लागलं होतं.

मी तेव्हा तेरा वर्षांची. गावातली चौथी संपल्यावर दोन वर्षं गुरुजी मला त्यांच्या ओसरीवर बसवून शिकवत होते. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांची बायको मला दर वेळी दोन घास जास्त देत असल्याने मीही विचारलं नाही. बुलढाण्याला मुलींची शाळा होती आणि गुरुजींची बहीण तिथे राहत होती. शाळा आषाढातच सुरू झाली होती, पण पोळ्यानंतरच्या आठवड्यापर्यंत एक जागा राखून ठेवायला तिने तिथल्या बाईंना राजी केलं होतं. गुरुजींनी हे बाबांना सांगितलं तेव्हा मी दाराआड होते. बाबांनी पानाला चुना लावला, सुपारी कातरली, आणि म्हणाले, "पोळा होऊ द्या, गुरुजी. मंग पाहू." दुसरीकडे मेहकरकडचं एक स्थळ सांगून आलेलं होतं. मुलाला शेती बरी होती आणि सासू नव्हती, त्यामुळे स्थळ नाकारायला कारण सापडत नव्हतं.

शाळेचा आणि पोळ्याचा काय संबंध, ते मला आत्याने सांगितलं. आम्ही दोघी ओसरीवर तूर निवडत होतो.

"तुह्या बापाले पोरगा नाही," ती म्हणाली. "वरच्याचा विश्वनाथ खामगावले इंग्रजी शिकून राह्यला. ते त्याले रोज टोचते. मानसाले काहीतरी एक लागते वं कौसे, दुसऱ्याच्या वर धरायले. एकच लागते. दोन नाही लागत. पोळा जितला त तो खूश, आन् तू जाशीन मेहकरले नवऱ्याघरी. हारला त मंग तू हायेस त्याच्यापाशी. दुसरं काय हाये?"

"म्हणजे आपण हरलो पाहिजे?"

"मी असं काऊन म्हनीन? खालच्या घरची लेक हावो मी." आणि तिने एक खडा उचलून अंगणात फेकला.

मी त्या दिवसापासून आपल्या बैलांकडे परक्याच्या नजरेने पाहू लागले. वरच्यांच्या बैलाचं शिंग लांब की बालिष्टरचं, याची गावात दोन मतं होती. बाबांना दोन मतं चालणार नव्हती. त्यांच्या डोक्यात शेंब्या आल्या. शिंगाच्या टोकाला पोळ्याला पितळी टोपण चढवतात, ती शेंबी. एरवी असते बोटभर. बाबांनी ती चांगली चार बोटं लांब करून घ्यायचं ठरवलं. पितळ हे शिंगात धरायचं की नाही, असा प्रश्न मग आबाकाकांनी पंचांपुढे टाकला, कारण बातमी उताराच्या वरही चढते. देवळाच्या पारावर दोन दुपारी त्याच्यावर खल झाला. कासमभाईने निकाल दिला. "नाल खुराला ठोकली की खुराचीच होते. रस्त्यावर बैल चालते असंच म्हन्ते ना दुनिया, लोखंड चालते असं कोनी म्हन्ते का? शिंगावर चढलं ते शिंग." आबाकाकांनीही शेंब्या करायला टाकल्या, पण त्यांचा तांबट आजारी पडला आणि त्यांना जुन्यांवरच भागवावं लागलं. बाबांनी गोमाजीला शिंगाचं माप घ्यायला गोठ्यात पाठवलं. बालिष्टर शिंगाला हात लावू देत नसे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी गोमाजी घटकाभरात दोन गाठी मारलेला दोरा घेऊन परत आला. दोरा डोणगावच्या तांबटाकडे गेला. शेंब्या आल्या त्या थेट पोळ्याच्या आदल्या दिवशी.

आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं, पळसाच्या पानाने शेकायचं, आणि त्यांच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. गोमाजी हे मुन्शीला अगदी मनापासून सांगायचा आणि बालिष्टरला लांबून. स्वयंपाकघरात डाळ शिजत होती, वेलदोड्याचा वास होता, माय पाट्यावर पुरण वाटत होती, आणि दरवाज्याला लावायला आणलेल्या पळसाच्या मेढ्या ओल्या पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात उभ्या होत्या. माझ्याकडे शेंब्या घासायचं काम दिलं गेलं, कारण माझं घासणं चांगलं होतं. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मी मागच्या पडवीत बसले. खाली घुंगरू, वर तुरा असलेल्या दोन लांब पिवळ्या शेंब्या. घासता घासता त्यांत माझं तोंड दिसू लागलं, लांब आणि बारीक. मी चार बोटं लावून पाहिली. बरोबर चार होती. माझं बुलढाणं तेवढंच लांब होतं.

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायला हवं, असं आठवणी लिहिणाऱ्यांमध्ये समजलं जातं. फार काही वाटलं नाही. मी उठले, धान्याच्या खोलीत गेले, ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि शेंब्या आत सोडल्या. ज्वारी त्यांच्यावर आपोआप बसली. बाहेर आले तर आत्या दारात.

"कौसे, कोपराले भुसा काऊन वं?"

तिने पदराने माझं कोपर पुसलं, दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, आणि "जाय, मायले पुरण वाटू लाग," म्हणाली. शेंब्या घासून देवघरात ठेवल्या, असं मी बाबांना सांगितलं. त्या घरात मी बोललेलं ते पहिलं खोटं नव्हतं, पण इतकं सुबक दुसरं आठवत नाही.

पोळ्याच्या सकाळी शेंब्या देवघरात नाहीत म्हटल्यावर बाबांनी आधी देवाकडे, मग मायकडे, मग माझ्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "घुशीनं नेल्या असतीन." एवढ्या वजनाची शेंबी नेणारी घूस कोणी पाहिली नव्हती, पण आत्याच्या बोलण्याला घरात उलट उत्तर नसे. घर उलथंपालथं झालं. माळा झाला, फडताळं झाली, चुलीची राख चाळून झाली. अखेर बाबांचा चेहरा हळूहळू उताराच्या वर वळला. "हे वरच्यांचं काम हाये," ते म्हणाले. निरपराध माणसावर आळ येतोय हे कळण्याइतकं गुरुजींनी मला शिकवलेलं होतं. मी पुरणपोळ्यांना तूप लावत राहिले.

या शोधात सगळे इतके गुंतले की बैल नदीवरून धुऊन आले, रंगले, झुली चढल्या, पण त्यांना सकाळची वैरण घालायची राहून गेली. मुन्शी उभा होता. बालिष्टरने खुंट्याभोवती फिरून दोर तीन पदरी केला होता. दुपारी चौघांनी धरून त्याच्या शिंगांना मागल्या सालच्या बोटभर शेंब्या चढवल्या, आणि मिरवणूक निघाली.

तोरणापाशी सगळा गाव होता. आम्ही बायका-मुली देवळाच्या ओट्यावर. डफडं, सनई, दीड-दोनशे बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा. शेजारीण काय बोलते ते तिच्या ओठांवरून ओळखावं लागत होतं. वरच्यांची जोडी उजवीकडे, आमची डावीकडे. आबाकाकांनी नवा फेटा बांधला होता आणि शेजारी खामगावहून आलेला विश्वनाथ बूट घालून उभा होता. बुटांमुळे तो तिथे एकटाच बैलांना भीत होता. बाबा आबाकाकांकडे पाहत नव्हते. मी मनातल्या मनात मारुतीला सांगितलं की आमच्या जोडीला हरव, आणि आपण कोणाच्या घरचं खाऊन कोणासाठी मागतो आहोत याची मला थोडी लाज वाटली, फार नाही.

जोड्या सुटल्या. दहा-बारा पावलांचंच अंतर होतं. वरच्यांच्या बैलाचं शिंग स्पष्ट पुढे होतं. दोन बोटं, फार तर तीन. ते तोरणाला लागणार एवढ्यात बालिष्टरला पानं दिसली. हिरवी, ओली, आणि तोंडाच्या बरोबर उंचीवर. त्याने अशी मान ताणली की इतकी त्याची मान आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, जीभ बाहेर काढली, आणि पानांचा एक झुपका ओढून घेतला. अख्खं तोरण हललं. मग वरच्यांचं शिंग त्याला लागलं.

खालच्या आळीने एकच आरोळी ठोकली. गोमाजीने टोपी उडवली. बाबांनी पहिल्यांदा आबाकाकांकडे पाहिलं. ओट्यावरच्या बायका माझ्या मायला "जितले, जितले" म्हणत होत्या आणि माय "असन बाप्पा" म्हणत होती. मी खाली बसले. मेहकरच्या त्या मुलाचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

"पान तर हललं," कासमभाई म्हणाला. "पहले इसकेच तोंडाने हललं. मी पाह्यलं. झूट कशाला बोलू?"

सगळे गुरुजींकडे वळले. गुरुजींनी देवळातून आणलेला तो कागद खिशातून काढला, डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्याने वाचला: "ज्या जोडीच्या शिंगाने तोरणाचे पान प्रथम हलेल." मग म्हणाले, "शिंगाने. वरच्यांची सरशी."

"गुरुजी!" बाबा पुढे झाले. "जीभ बैलाचीच हाये ना?"

"बैलाचीच आहे."

"मंग? पितळ शिंग होते, आन् बैलाची सोताची जीभ होत नाही?"

"पितळ शिंगावर चढतं, पाटील. जीभ तोंडातून येते. नियम शिंगाचा आहे."

"अन् हे पान कोनी हलवलं? वाऱ्यानं?"

"भुकेनं," गुरुजी म्हणाले, आणि गाव हसलं. गाव हसल्यावर कोणत्याच निकालाला अपील राहत नाही.

त्यांनी त्या वेळी माझ्याकडे पाहिलं का, असं पुढे मला काहींनी विचारलं. पाहिलं नाही. पण मी ओट्यावर उंच होते, आणि मला वरून एक गोष्ट दिसली, जी खाली कोणाला दिसली नसावी. तो कागद वाचताना त्यांनी त्याची घडी उघडलीच नव्हती. अर्थात नियम त्यांचाच होता, त्यांना पाठ असणार.

पोळा फुटला. वरच्यांचे गडी झडत्या म्हणत आमच्या दारावरून गेले. झडती म्हणजे त्या दिवशी कोणालाही टोमणा मारायची मुभा असलेलं गाणं. ती ऐकून रागवायचं नसतं, असा रिवाज आहे. त्यांनी जागच्या जागी जुळवली होती: "खालच्यांच्या बैलानं तोरणच खाल्लं, शिंग राह्यलं मांगं, तोंड पुढं झालं!" आणि मग हर हर महादेव. बाबा रागावले नाहीत. ते आत गेले, ताटावर बसले, पुरणपोळी कुस्करली, तुपाची वाटी बाजूला सारली आणि हात धुतले. असे चार दिवस गेले. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मोरीचं पाणी तेवढं वाजत होतं, आणि वरच्यांकडे पाहुणे असल्याने ते पिवळं होतं. पाचव्या दिवशी बाबांनी आत्याला ओसरीवर हाक मारली.

"आक्का, त्याचं पोरगं कितवीले हाये?"

"मॅट्रिकले बसून राह्यलं," आत्या म्हणाली. आणि थोडं थांबून, "दुसऱ्यांदा."

बाबांनी सुपारी कातरली. बराच वेळ कातरली.

"गुरुजीले बोलाव."

गुरुजी आले. मॅट्रिक व्हायला पोरीला किती सालं लागतील, असं बाबांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, सहा. "पाच करा," बाबा म्हणाले, "आन् एका दमात." मेहकरला निरोप गेला. आत्याने माझी पेटी भरली, तिच्या तळाशी तिने तुरीची डाळ आणि एक लिंबाचं लोणचं ठेवलं, आणि झाकण लावताना म्हणाली, "आता तिथं कणग्या नाहीत. नीट राह्यजो." हेच काय ते आमचं त्या विषयावरचं बोलणं.

बुलढाण्यात मुलींनी माझ्या 'मले-तुले'ला वर्षभर हसून घेतलं आणि मग परीक्षेच्या निकालानंतर हसणं बंद केलं. पण ते वेगळं. गावात जे झालं ते जास्त सांगण्यासारखं आहे. खालच्यांची पोर शिकायला गेली म्हटल्यावर आबाकाकांनी पुढच्या साली आपल्या दोन्ही मुली धाडल्या. त्याला उत्तर म्हणून बाबांनी माझ्या मामेबहिणीला घरी आणून धाडलं. वरच्यांनी मग भाच्या काढल्या. काही वर्षांत सुट्ट्या संपल्या की आमच्या त्या आडगावातून मुलींना न्यायला एक दमणी पुरेनाशी झाली, आणि दमणीला जुंपायला दोन्ही घरांत शिंगं सोडून पायाचे बैल घ्यावे लागले. अलीकडे एक अभ्यासक मुलगी माझ्याकडे आली होती. आमच्या भागात स्त्रीशिक्षण इतक्या लवकर कसं रुजलं, याची कारणं तिला हवी होती. मी 'सामाजिक जागृती' असं सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. त्या सभेतल्या तिसऱ्या वक्त्याचं भाषण बहुधा तिथूनच आलं असावं.

शेंब्यांचं राहिलं. माझं ओझं काही कमी नव्हतं. मी बापाला हरवलं, घरचा मान घालवला, आबाकाकांवर खोटा आळ येऊ दिला, आणि या सगळ्यावर माझी विद्या उभी आहे, असं मी बुलढाण्याच्या पहिल्या वर्षी रात्रंदिवस मनात धरून होते. त्या वयात अपराधाचाही एक रुबाब असतो. वर्गातल्या बाकीच्या मुलींपाशी तसलं काही नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा माय ज्वारी काढत होती. कणगी तळाला आली होती. सुपात ज्वारीबरोबर दोन शेंब्या खणकन पडल्या. बाबा ओसरीवरून उठून आले. त्यांनी त्या हातात घेतल्या, माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. आत्या "घूस," म्हणाली.

शेंब्या घेऊन बाबा गोठ्यात गेले, आणि आता सांगून टाकावं म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यांनी गोमाजीला आणि आणखी दोघांना बोलावलं, बालिष्टरला धरवलं, आणि एक शेंबी त्याच्या शिंगावर बसवून पाहिली. ती बसेना. फिरवून पाहिली, दाबून पाहिली, तेल लावून पाहिलं. शेंबी अरुंद होती. ती शिंगाच्या टोकावर नखाएवढी चढायची आणि सोडली की खाली पडायची. दुसरीही तशीच.

"माप कोन्या शिंगाचं घेतलं होतं बे?" बाबांनी विचारलं.

गोमाजीने बालिष्टरकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ह्यो हात लावू देत नव्हता, मालक," तो म्हणाला.

बाबांनी शेंब्या मुन्शीला चढवून पाहिल्या. त्याला बरोबर बसल्या.